नदीतला स्मॉलमाउथ बास नेमका कुठे थांबतो

नदीतल्या स्मॉलमाउथ बासचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या एका माशाचा, गळाने मासेमारीचा नाद लागलेली बहुतेक मंडळी फोनवरच्या नकाशात खुणा साठवतात. अमुक पुलाखालचा मोठा धोंडा, तमुक बेटाच्या टोकाजवळचा खळगा, मागच्या वेळी मासा लागला ती कातळाची पायरी. अशा खुणांना माझा विरोध नाही, पण त्या दिवशी नदीची पातळी किती होती आणि पाण्याचे तापमान काय होते, हे सोबत लिहिलेले नसेल तर ती खूण अर्धीच आहे असे मी मानते. ज्या धोंड्याच्या आडोशाला जुलैमध्ये मासा हमखास असतो, त्याच धोंड्यापाशी पाणी दोन फुटांनी चढल्यावर एकही मासा नसतो, आणि नोव्हेंबरात तर त्या अख्ख्या पट्ट्यातच तो नसतो. धोंडा जागचा हलत नाही, पण माशाच्या दृष्टीने ती जागा दर आठवड्याला वेगळी असते.

तलावात मासेमारी करून नदीवर येणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. तलावात खोली हा मुख्य प्रश्न असतो. तिथे मासाही मोठा होतो. स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम, 11 पौंड 15 औंसांचा, 1955 साली डेल हॉलो या टेनेसी-केंटकीच्या सीमेवरील जलाशयात नोंदला गेला. नदीत मात्र पहिला प्रश्न वेगाचा असतो. किती खोल, यापेक्षा पाणी तिथे किती जोराने वाहते आणि त्या जोरापासून हातभर अंतरावर निवांत पाणी आहे का, हे आधी पाहावे लागते.

माझी बहुतेक मासेमारी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना आणि तिला मिळणाऱ्या जुनियाटा या नद्यांवर होते, त्यामुळे पुढचे बरेचसे विवेचन उथळ, रुंद आणि खडकाळ नद्यांना लागू आहे. गंमत अशी की हा मासा मुळात या नद्यांचा नाहीच. त्याचे मूळ घर म्हणजे ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि मिसिसिपी, ओहायो, टेनेसी यांची खोरी. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या पूर्वेला, अटलांटिककडे वाहणाऱ्या नद्यांत त्याला माणसाने आणले. 1854 साली विल्यम श्रायव्हर यांनी ओहायो खोऱ्यातल्या व्हीलिंगजवळचे मासे बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून मेरिलँडमधल्या कंबरलँडला नेले आणि तिथल्या कालव्याच्या कुंडात सोडले. तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले, आणि पुढच्या काही दशकांत सस्क्वेहानातही आले. वाफेच्या इंजिनामागे बसून आलेला हा पाहुणा इथे इतका रुळला की आज या नद्यांवर येणारे कित्येक जण केवळ त्याच्यासाठी येतात. नव्या नदीत तो एवढ्या सहज स्थिरावला याचे कारण असे की त्याला जे हवे असते ते या नद्यांत जागोजाग आहे.

त्याला काय हवे असते, याचे एक नेटके वर्णन अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अधिवास-अहवालात सापडते. स्वच्छ पाणी, मध्यम प्रवाह, खोल डोह, भरपूर आडोसा, तळाला गोटे आणि खडी, पात्राची रुंदी साडेदहा मीटरांहून अधिक, आणि नदीचा उतार दर किलोमीटरला 0.75 ते 4.7 मीटर. यातला उताराचा आकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो घरबसल्या नकाशावरून काढता येतो. उतार याहून कमी असेल तर तळावर गाळ बसतो आणि पाणी संथ, गढूळ होते; याहून फार जास्त असेल तर ती थंड पाण्याच्या ट्राउट माशाची नदी असण्याची शक्यता वाढते. नदीच्या लांबलचक पात्रातून कोणता पट्टा निवडावा याचा निम्मा निर्णय समोच्चरेषांचा नकाशाच देतो. उतार जिथे बदलतो, म्हणजे संथ पट्टा संपून खळाळ सुरू होतो किंवा खळाळ संपून डोह सुरू होतो, त्या सांध्यांवर मी आधी बोट ठेवते.

तळाला गोटे हवेत यामागचे कारण पोटाचे आहे. मोठ्या स्मॉलमाउथचे आवडते खाद्य म्हणजे क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा कवचाचा प्राणी, आणि क्रेफिशला दडायला दगडांखालच्या फटी लागतात. मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्या आकाराचे, एकमेकांवर सैल पडलेले गोटे असले की त्याखाली क्रेफिश असतात, डॉब्सनफ्लाय या कीटकाच्या अळ्या म्हणजे हेलग्रॅमाइट असतात आणि रात्री बाहेर पडणारे लहान मार्जारमासे असतात. याउलट नुसती वाळू किंवा तासल्यासारखा गुळगुळीत कातळ म्हणजे रिकामी ताटे. पाण्यात उभे असताना तळ डोळ्यांना दिसला नाही तरी तो बुटांना कळतो, काठीला कळतो आणि जड आमिष तळाला घासत आणताना दोरीतून बोटांना कळतो. वाळूवरून ते मऊ सरकते, कातळावरून घसरते आणि गोट्यांवरून टकटक करत येते. अशी टकटक जिथे जाणवते तिथे मी थांबते.

गोट्यांचा आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. वाहत्या पाण्याचा वेग पृष्ठभागाजवळ सर्वाधिक असतो आणि तळाकडे कमी होत जातो. तळ जितका खडबडीत, तितका हा संथ पाण्याचा थर जाड. त्यामुळे वरून पाहताना ज्या पट्ट्यात मासा टिकणारच नाही असे वाटते, तिथे तळाच्या गोट्यांमध्ये तो सुखाने पहुडलेला असू शकतो. पृष्ठभाग पाहून एखादा वेगवान पट्टा बाद करण्याआधी त्याचा तळ कसला आहे हे जाणून घेतले पाहिजे. तेवढाच वेग, पण तळाला सपाट कातळ, असे असेल तर मात्र तो पट्टा खुशाल सोडून द्यावा.

आता एकट्या धोंड्याकडे येऊ, कारण नदी वाचण्याची सगळी बाराखडी एका धोंड्याभोवती शिकता येते. पहिली गोष्ट म्हणजे धोंडा जिथे आहे असे वाटते तिथे तो नसतो. पाण्याखाली बुडालेल्या धोंड्यावरून पाणी उसळते आणि ती उसळी प्रवाहाबरोबर पुढे सरकून मग पृष्ठभागावर दिसते. म्हणजे उकळल्यासारखे दिसणारे पाणी धोंड्याच्या खालच्या अंगाला असते आणि खुद्द धोंडा त्याच्या वरच्या अंगाला, कधी हातभर तर कधी दोन-तीन मीटर. पाणी जितके खोल आणि वेगवान, तितके हे अंतर जास्त. उसळीवर नेम धरून टाकलेले आमिष माशाच्या शेपटीमागे पडते आणि तिथून ते पुढेच वाहत जाते; माशाला ते दिसतही नाही.

दुसरी गोष्ट, मासा धोंड्याच्या मागेच असतो हा समज. मागे संथ पाणी असते हे खरे, आणि मासे तिथे असतातही. पण प्रवाह धोंड्यावर आदळतो तेव्हा धोंड्याच्या पुढ्यातही दाबामुळे संथ पाण्याची एक उशी तयार होते. शिवाय आदळलेले पाणी खाली वळून धोंड्याच्या पुढचा आणि दोन्ही बाजूंचा तळ खरवडून काढते, आणि ती खरवडलेली वाळू मागच्या संथ पाण्यात नेऊन टाकते. बऱ्याच धोंड्यांच्या मागे म्हणूनच वाळूची उथळ शेपटी असते, तर पुढे गोट्यांनी भरलेला खळगा. वाहत येणारे खाणे आधी कुणाला दिसणार, पुढच्याला की मागच्याला? माझा अनुभव असा आहे की एकाच धोंड्यापाशी एकाहून अधिक मासे असतील तर त्यांतला थोराड मासा बहुधा पुढच्या अंगाला असतो, आणि लोक मात्र आयुष्यभर मागच्या अंगाला गळ टाकत राहतात.

तिसरी जागा म्हणजे बाजूचा सांधा, जिथे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासत जातात. तो पृष्ठभागावर रेघेसारखा दिसतो. फेसाचे बुडबुडे आणि पाने त्या रेघेवरून रांगेने जातात. मासा संथ बाजूला राहून वेगवान बाजूवर नजर ठेवतो, हे सूत्र बहुतेक वेळा लागू पडते. मात्र स्मॉलमाउथ आणि ट्राउट यांच्यातला फरक इथे विसरू नये. ट्राउट एका जागी स्थिर राहून वाहत येणारे किडे टिपण्यावर बरेच विसंबून असतो, तर स्मॉलमाउथ विश्रांतीची जागा सोडून आजूबाजूच्या गोट्यांत क्रेफिश हुडकत फिरतो. सांध्यावर काहीच लागले नाही, तर धोंड्यापासून दूरच्या, कंबरभर पाण्यातल्या गोट्यांच्या सपाटीवर पहाटे आणि संध्याकाळी पाहणे म्हणूनच व्यर्थ जात नाही.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो हे सर्वांना ठाऊक असते, पण तो त्याच्या अंगाला लागणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करतो. काठाजवळ मोठा भोवरा असेल तर तिथले पाणी उलटे, नदीच्या वरच्या दिशेने वाहते, आणि तिथला मासा नदीच्या खालच्या दिशेला पाहत असतो. नेहमीप्रमाणे खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जातो आहोत असे समजून गेलेला माणूस प्रत्यक्षात त्याच्या डोळ्यांसमोरून चालत जातो.

सस्क्वेहानाचे वैशिष्ट्य म्हणजे कातळाच्या आडव्या पायऱ्या. हॅरिसबर्ग शहराच्या उत्तरेला ही नदी पीटर्स माउंटन, सेकंड माउंटन, ब्लू माउंटन अशा रांगा एकामागून एक कापत येते, आणि घड्या पडून तिरके झालेले कठीण खडकाचे थर तिच्या पात्रात आडव्या कण्यांसारखे उघडे पडले आहेत. जवळजवळ मैलभर रुंद पात्र, आणि त्यात काठापासून काठापर्यंत अशा पायऱ्या. प्रथम पाहणाऱ्याला सगळी नदी सारखीच दिसते. मग शोधायचे काय, तर पायरीतला खंड. कुठेतरी थर तुटलेला असतो, तिथून जास्त पाणी एका धारेने खाली उतरते, आणि त्या धारेच्या दोन्ही बाजूंना, पायरीच्या आडोशाला, संथ पाणी असते. एकाच ठिकाणी धार, सांधा, खोली आणि आडोसा असे चारही मिळते. पायरीच्या वरच्या अंगालाही बघावे; पाणी पायरीवर चढण्याआधी तिथे किंचित थबकते आणि कडेला गोटे साचलेले असतात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोठे मासे या वरच्या कडेला दिसतात, हे माझ्याआधी अनेकांनी पाहिले आहे, आणि तरीही तिथे गळ टाकणारे थोडेच दिसतात.

पायऱ्यांच्या आसपास वॉटर विलोची बेटे असतात. ही वनस्पती उथळ गोट्यांत मुळे रोवून दाट ताटवे करते. पाणी चढले की या बेटांचे महत्त्व एकदम वाढते, आणि इथे आपण पुन्हा पातळीच्या मुद्द्यावर येतो.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जलमापक केंद्रे पाण्याची उंची फुटांत आणि विसर्ग घनफूट प्रतिसेकंदात, म्हणजे आपल्याकडच्या धरणांच्या बातम्यांतल्या क्युसेकमध्ये, जवळजवळ तत्क्षणी जाहीर करतात. नदीवर जाण्याआधी मी हवामानाआधी तो आकडा पाहते, आणि एकट्या आकड्यापेक्षा गेल्या दोन-तीन दिवसांत तो चढत होता की उतरत होता ते पाहते. पाणी खूप उतरलेले आणि निवळलेले असेल, तर संथ डोहांत मासा लपू शकत नाही आणि उन्हात पाणी तापते. अशा वेळी तो खळाळाच्या तोंडाशी, फेसाळ पाण्याखालच्या खोलगट चऱ्यांमध्ये सरकतो, कारण तिथे वरून त्याला कुणी पाहू शकत नाही आणि पाण्यात प्राणवायूही जास्त असतो. मध्यम पातळीला धोंडे, पायऱ्या, सांधे या वर सांगितलेल्या सगळ्या जागा आपापले काम करतात. पाणी चढत जाऊन गढूळ होऊ लागले की मधल्या धोंड्यांमागचे संथ पाणी आक्रसते, खळबळते आणि शेवटी नाहीसे होते. मासा तेव्हा खोल पाण्यात जात नाही, काठाला येतो. वळणाची आतली बाजू, बेटांची खालची टोके, ओढ्यांची मुखे आणि पाण्यात अर्धे बुडालेले वॉटर विलोचे ताटवे या त्या दिवसांच्या जागा. गुडघाभर पाण्यात, काठापासून हाताच्या अंतरावर मोठा मासा असतो, आणि नदीत उतरण्याच्या घाईत आपण त्याच्यावरूनच चालत जातो. एरवीही पाय भिजवण्याआधी काठावरून पाच-दहा वेळा गळ टाकावा, पण पाणी चढलेले असताना तर नदीत उतरूच नये. त्या दिवशी मासाही कोरड्या जमिनीच्या जवळच आलेला असतो.

पातळीनंतर तापमान. वसंतात पाणी 10 अंश सेल्सिअसच्या पुढे सरकू लागले की मासे हिवाळी डोहांतून बाहेर पडतात, आणि साधारण 15 ते 18 अंशांच्या दरम्यान नर खडीत घरटी करतात. धोंड्याच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला, मंद पाण्यात, ताटाएवढी खरवडून स्वच्छ केलेली फिकट जागा दिसली की ती घरटे समजावी आणि पुढे जावे. अंडी आणि पिल्ले यांची राखण नर एकटा करतो. त्याला उचलले की इतर मासे काही क्षणांत घरटे फस्त करतात. सस्क्वेहानाच्या मधल्या टप्प्यात 2005 साली स्मॉलमाउथची पिल्ले मोठ्या प्रमाणावर रोगाने दगावली, आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनियाच्या मत्स्य व नौका आयोगाने तिथे मासा पकडताच सोडून देण्याचा नियम आणला. नियम नसता तरी घरट्यावरच्या नराला गळ लावण्यात मला कौशल्य दिसत नाही. तो भुकेने नव्हे, पिल्लांवरचे संकट हटवायला आमिषावर धावतो.

उन्हाळ्याबद्दल वर बरेच आले. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये संध्याकाळी मेफ्लाय नावाच्या पांढऱ्या माश्या नदीवर हिमासारख्या उतरतात, तेव्हा मात्र वरचे सगळे नियम तासभर बाजूला राहतात. मासे धोंडे आणि सांधे सोडून डोहांच्या शेपटीकडच्या सपाट, संथ, उथळ पाण्यात पसरतात, कारण मेलेल्या माश्या तिथे जमा होतात.

शरदात पाणी थंड होऊ लागले की मोठे स्थलांतर सुरू होते. विस्कॉन्सिनमधल्या वुल्फ आणि एम्बरास नद्यांवर खुणा केलेले मासे हिवाळ्याच्या जागी पोहोचण्यासाठी कित्येक किलोमीटर खाली गेल्याचे आढळले आहे. सगळ्याच नद्यांत ते इतके दूर जात नाहीत. जिथे उन्हाळी जागेजवळच योग्य डोह असतो तिथे प्रवास छोटा होतो. हिवाळी डोहाची कसोटी खोली ही नाही. पूर आला तरी तळाशी प्रवाह पोहोचणार नाही अशी जागा हवी, कारण 10 अंशांच्या खाली या माशाची हालचाल मंदावते आणि प्रवाहाशी झगडण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. वळणामागचा खोल खळगा, मोठ्या बेटामागचा आडोसा, पुलाच्या जुन्या खांबांमागची जागा अशा ठिकाणी पुष्कळ लांबीच्या पात्रातले मासे एकत्र गोळा होतात. नदीचे मोठे पट्टे तेव्हा अक्षरशः रिकामे असतात आणि जुलैच्या खुणा घेऊन फिरणाऱ्याला दिवसभरात काहीच मिळत नाही.

सगळ्या नद्या खडकाच्या नसतात. मिसुरीतल्या ओझार्क डोंगरांमधील जॅक्स फोर्क नदीवर माशांना रेडिओ-प्रक्षेपक लावून केलेला अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. तिथे धोंड्यांबरोबरच पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांचे ढीगही माशांना प्रिय असल्याचे दिसले. सस्क्वेहानात ओंडके पुरात वाहून जातात, म्हणून आम्ही दगडाचीच भाषा बोलतो.

नवीन पट्टा शिकायचा असेल तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, पाणी सर्वांत उतरलेले आणि निवळलेले असताना, भर दुपारी, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून, शक्यतो गळ घरी ठेवून जावे. डोक्यावर ऊन असताना तळ उघड्या पुस्तकासारखा दिसतो. कोणत्या पायरीत कुठे खंड आहे, कोणत्या धोंड्यापुढे खळगा आहे, कोणत्या बेटाचा काठ खडा आणि कोणाचा उतरता, हे कागदावर काढावे आणि कोपऱ्यात त्या दिवशीचा विसर्ग लिहावा. काठीशिवाय उतरू नये, आणि कयाकने जाणार असाल तर पट्ट्यातले बुटके बंधारे आधी नकाशावर शोधावेत. हॅरिसबर्गचा डॉक स्ट्रीट बंधारा वरून पाहताना पाण्यातली साधी पायरी वाटते, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरून माणसाला आणि होडीला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढते, आणि तिथे अनेकांचे जीव गेले आहेत. बंधाऱ्याखाली मासे असतात हे खरे आहे. तिथे जाऊ नये हेही तितकेच खरे आहे.

पुढच्या वसंतात पाणी फूट-दीड फूट जास्त असताना तोच कागद घेऊन जावे. सप्टेंबरात कोरडे पडलेले काठावरचे गोटे आता गुडघाभर पाण्याखाली असतात, आणि कागदावर ज्यांच्याभोवती काहीच लिहिलेले नसते अशा त्या गोट्यांपासून मी सुरुवात करते.